ऑनलाइन डिग्री खरंच चालते का? धाराशिवमध्ये राहून कॉलेज करायचं असेल तर आधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पुण्याला पाठवायचं, सोलापूर-लातूरला ठेवायचं, की इथंच जवळच्या कॉलेजला नाव घालायचं? हल्ली यात अजून एक पर्याय आलाय, तो म्हणजे ऑनलाइन. इन्स्टाग्राम उघडलं की 'घरबसल्या बीबीए', 'नोकरी करत एमबीए' अशा जाहिराती दिसतात. मग घरातलं कुणीतरी विचारतंच, "पण ही डिग्री चालते का रे?"

थोडक्यात उत्तर देतो: हो, चालते. पण विद्यापीठ, तुमचा कोर्स आणि तुमच्या प्रवेशाचं वर्ष या तिन्हींना मान्यता असेल तरच. यातलं एक जरी चुकलं तरी फी जाते आणि वर्षंही जातात. मान्यता तपासायला मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती कशी तपासायची, ते या लेखात बघू.

आधी तीन गोष्टींमधला फरक समजून घ्या

लोक 'ऑनलाइन शिक्षण' म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे दूरस्थ शिक्षण. यात पुस्तकं मिळतात, अभ्यासकेंद्र असतं आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं ते याच पद्धतीसाठी. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीदवाक्य. 'मुक्त'मधून बीए केलेला एखादा काका किंवा वहिनी आपल्याकडे बऱ्याच घरांत सापडते. देशपातळीवरचं इग्नू तर त्याच्याही आधीचं, १९८५ सालचं.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑनलाइन पदवी. यात प्रवेश, लेक्चर, नोट्स, असाइनमेंट असं सगळं इंटरनेटवर चालतं. मध्ये अभ्यासकेंद्र नसतं, विद्यापीठ थेट तुमच्याशी जोडलेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे सुटे कोर्स. सरकारचा स्वयं प्लॅटफॉर्म, आयआयटींचं एनपीटीईएल, कोर्सेरा वगैरे. इथं सर्टिफिकेट मिळतं, पण ते म्हणजे डिग्री नाही. बायोडेटात लिहायला छान, पण 'पदवीधर हवा' असं लिहिलेल्या फॉर्ममध्ये ते चालणार नाही.

नियम काय सांगतो?

दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२० मध्ये नवे नियम आणले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये सूचना काढून एक गोष्ट पुन्हा स्पष्ट केली: मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी ही नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीशी समकक्ष धरली जाईल.

म्हणजे जाहिरातीत 'कोणत्याही शाखेची पदवी' असं लिहिलं असेल तर मान्यता असलेली ऑनलाइन बीए ही बीएच आहे. जाहिरातीत एखादा ठरावीक विषय किंवा वेगळी अट असेल तर मात्र ती नीट वाचायची. खासगी कंपन्यांचं गणित निराळं, कुणाला घ्यायचं हे त्या स्वतः ठरवतात. माझा अनुभव सॉफ्टवेअरपुरता आहे. मी इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा समोरच्याने लिहिलेला कोड आणि केलेला प्रोजेक्ट बघतो, तो कॉलेजला रोज बसने जायचा का हे विचारत नाही. पण बायोडेटा चाळतानाच कॉलेजचं नाव बघणाऱ्या कंपन्याही आहेत, हे खोटं कशाला सांगू?

अजून एक नियम कामाचा आहे. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. एक नेहमीच्या कॉलेजात आणि दुसरा ऑनलाइन किंवा दूरस्थ, असं करता येतं. म्हणजे कळंबच्या कॉलेजात बीएससी करत असतानाच ऑनलाइन बीबीए करणं नियमात बसतं. झेपेल का, ते ज्याचं त्याने बघावं.

आपल्या जिल्ह्याला याचा फायदा काय?

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साधारण १६ लाख ५७ हजार, आणि त्यातले सुमारे ८३ टक्के लोक खेड्यात राहणारे. २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आहे.

आता याचा अर्थ इथं कॉलेज नाहीत असा नाही. धाराशिव शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे, तालुक्याच्या गावी बीए, बीकॉम, बीएससीची सोय आहे. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली अडचण विषयाची. परंडा किंवा लोहाऱ्याच्या मुलीला डेटा सायन्स शिकायचं असेल तर ते जवळ मिळेलच असं नाही. दुसरी अडचण खर्चाची. पुणे धाराशिवपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तिथं कॉलेजच्या फीपेक्षा खोलीभाडं, मेस आणि येणं-जाणंच जड होतं. त्यात मुलगी असेल तर 'एवढ्या लांब नको' हे वाक्य येतंच, आणि कित्येकींचं शिक्षण तिथंच थांबतं. घरची शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळणाऱ्या मुलाला तर रोज अकरा ते पाच वर्गात बसणं शक्यच नसतं.

ऑनलाइन पदवीचा खरा फायदा या दोन अडचणींवर आहे. विषय तुमच्यापर्यंत येतो आणि राहण्याचा खर्च वाचतो.

एक उदाहरण बघा. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. यासाठी जेईई लागत नाही. आधी चार आठवड्यांचा पात्रता टप्पा असतो, तो अभ्यास करून परीक्षा पास झालं की प्रवेश. मध्येच थांबावं लागलं तर टप्प्यानुसार सर्टिफिकेट, डिप्लोमा किंवा बीएससी घेऊन बाहेर पडता येतं. कमी उत्पन्न गट आणि राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना फीमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. लेक्चर घरी बघायची, पण मुख्य परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि गणिताची तयारी लागते, हेही लक्षात ठेवा.

मराठीतूनच शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठाची बीए, बीकॉम आजही चांगला पर्याय आहे.

मोबाइल आणि नेटवर हे झेपतं का?

आता थोडं तांत्रिक. रेकॉर्ड केलेलं लेक्चर सर्व्हरवर एकाच फाइलमध्ये नसतं. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त क्वालिटीत तयार असतो. तुमच्या नेटचा वेग बघून प्लेअर पुढचा तुकडा कुठल्या क्वालिटीचा मागवायचा ते ठरवतो. म्हणून रेंज कमी झाली की व्हिडिओ आधी धूसर होतो, लगेच बंद पडत नाही.

३६० पिक्सेलवर एक तासाच्या लेक्चरला साधारण ३०० एमबी डेटा लागतो. ७२०वर तोच आकडा एक जीबीच्या आसपास जातो. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये कमी क्वालिटीवर तीन-चार तास आरामात निघतात. फळ्यावरचं लिखाण दिसत नसेल तेवढ्यापुरती क्वालिटी वाढवा. ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर पहाटे किंवा जिथं रेंज चांगली तिथं लेक्चर उतरवून ठेवा आणि वीज गेली तरी बघत बसा.

लाइव्ह क्लासला ही सोय नाही. तिथं पुढचा तुकडा आधीच साठवून ठेवता येत नाही, कारण तो अजून घडलेलाच नसतो. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी विचारा: लाइव्ह क्लासचं रेकॉर्डिंग मिळतं का, आणि किती दिवस?

परीक्षेचंही तसंच. काही विद्यापीठं घरबसल्या परीक्षा घेतात. त्यात कॅमेरा, माइक आणि स्क्रीन या सगळ्यांवर सॉफ्टवेअरची नजर असते. यासाठी बहुतेक वेळा लॅपटॉप लागतो, नुसत्या मोबाइलवर भागत नाही. प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर लॅपटॉप हवाच. तेव्हा फीचा हिशेब करताना लॅपटॉप, डेटा आणि परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास हेही त्यात धरा.

काय ऑनलाइन होत नाही?

इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, डेंटल, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, कायदा, शेतीशास्त्र, हॉटेल मॅनेजमेंट यांच्या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यात मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारख्या आरोग्याशी जोडलेल्या विषयांचीही भर पडली आहे. कुणी 'घरबसल्या बीटेक' किंवा 'घरबसल्या एलएलबी' म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

चुकीचा कोर्स घेतला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्यासमोर आहे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन त्या वाचवायची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द झाल्या. विचार करा, पदवी हातात आली, नोकरी लागली, आणि इतक्या वर्षांनी कळतं की तिला किंमत नाही. विद्यापीठ खोटं नव्हतं, त्या कोर्सला परवानगी नव्हती. म्हणूनच नुसतं विद्यापीठाचं नाव बघून चालत नाही.

फी भरण्याआधी हे तपासा

१. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोची वेबसाइट उघडा. गुगलवर 'यूजीसी डीईबी' टाकलं तरी सापडेल. तिथं वर्षानुसार मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते.

२. यादीत संस्थेचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. तुमचा कोर्स त्यात आहे का, आणि तो 'ऑनलाइन'खाली आहे की 'दूरस्थ'खाली, ते बघा. एका कोर्सला परवानगी असली म्हणजे सगळ्यांना असते असं नाही.

३. तुमच्या प्रवेशाचं वर्ष आणि सत्र जुळवा. सत्रं दोन असतात, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. मागच्या वर्षीची मान्यता या वर्षी चालेल असं गृहीत धरू नका.

४. दूरस्थ कोर्स असेल तर राज्य बघा. दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाला आपल्या तालुक्यात येऊन दूरस्थ केंद्र चालवता येत नाही. ऑनलाइन पदवीला मात्र अशी हद्द नाही.

५. डिजिलॉकरमधून तुमचा एबीसी आयडी काढा आणि त्यावरून डीईबी आयडी तयार करा. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी डीईबी आयडी सक्तीचा आहे. तो स्वतः मोबाइलवर काढता येतो. एखादी संस्था 'त्याची गरज नाही' म्हणत असेल तर काहीतरी गडबड आहे.

६. फी थेट विद्यापीठाच्या वेबसाइटवरून भरा आणि विद्यापीठाच्याच नावाची पावती घ्या. हे कोर्स फ्रँचायझी देऊन चालवायला यूजीसीची परवानगी नाही. एजंटच्या फोन पेवर पैसे पाठवायला सांगितलं तर पाठवू नका.

मग घ्यावी का ऑनलाइन डिग्री?

तुम्ही नोकरी किंवा शेती करत शिकणार असाल, हवा तो विषय जवळ नसेल, किंवा बाहेर राहण्याचा खर्च झेपत नसेल, तर जरूर घ्या. पण अठरा वर्षांचे असाल, जवळ बरं कॉलेज असेल आणि रोज जाणं शक्य असेल, तर आधी त्याचा विचार करा. लॅब, लायब्ररी, मित्रमंडळी, शंका विचारायला समोर बसलेले सर, हे स्क्रीनवर तेवढं मिळत नाही. आणि ऑनलाइनमध्ये हजेरी घेणारं कुणी समोर नसतं, त्यामुळे अभ्यास मागे पडायला वेळ लागत नाही.

ठरत नसेल तर आधी स्वयं किंवा एनपीटीईएलवर आठ किंवा बारा आठवड्यांचा एखादा कोर्स करून बघा. शिकायला पैसे पडत नाहीत, फक्त सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तर फी लागते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तुम्ही आधीच कॉलेजात असाल तर स्वयंचे क्रेडिट पदवीत धरता येतात, यूजीसीच्या नियमानुसार एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत. तुमच्या कॉलेजात ते धरतात का, हे आधी विचारून घ्या.

आठ आठवडे रोज तासभर बसणं जमलं, तर तीन वर्षंही जमतील. आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळा आला, तर तेही फी भरण्याआधीच कळलेलं बरं.