शब्द खरे, अर्थ भलताच

स्वित्झर्लंडमधील बँकेत आपले खाते आहे का? - नाही. पूर्वी कधी होते? - कंपनीचे खाते झुरिकमध्ये सुमारे सहा महिने होते.

'एल सिड'सारख्या भव्य चित्रपटांचे निर्माते सॅम्युएल ब्रॉन्स्टन यांनी १९६६ साली दिवाळखोरीच्या सुनावणीत शपथेवर दिलेली ही उत्तरे. प्रत्यक्षात जिनिव्हातील एका बँकेत त्यांचे वैयक्तिक खाते जवळपास पाच वर्षे होते. उत्तरातील प्रत्येक शब्द मात्र खरा होता! ज्यूरीने त्यांना खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरविले.

उच्चारलेले शब्द आणि ऐकणाऱ्याला उमगणारा अर्थ यांतील हे अंतर हाच 'प्रॅग्मॅटिक्स' या भाषाभ्यासाच्या शाखेचा विषय. वाक्यरचना आणि शब्दार्थ यांच्यापासून तिला वेगळे स्थान अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स मॉरिस यांनी १९३८ मध्ये दिले. संभाषणात माणसे परस्परांना सहकार्य करतात, विचारले तेवढे आणि प्रस्तुत तेच बोलतात, हे आपण गृहीतच धरतो, असे पॉल ग्राइस यांचे प्रतिपादन. हार्वर्डमध्ये १९६७ साली दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ते मांडले. या गृहीतकामुळेच 'कंपनीचे होते' याचा अर्थ 'माझे नव्हते' असा होतो.

भारतीय परंपरेला हा विचार नवा नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने वाच्यार्थापलीकडील व्यंग्यार्थाची सविस्तर मीमांसा केली. 'सूर्य मावळला' हे मम्मटाचे उदाहरण तर सर्वपरिचित. गुराख्याला ते गुरे वळविण्याची सूचना वाटते, तर उपासकाला संध्यावंदनाची. मराठी घरांतही निरोप घेणारी स्त्री 'जाते' न म्हणता 'येते' म्हणते आणि बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' जाते. कोशातील अर्थ येथे उपयोगी पडत नाही.

ब्रॉन्स्टन यांची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७३ मध्ये एकमताने रद्द केली. त्या उत्तरातून वैयक्तिक खाते नव्हते असे सूचित होते, हे न्यायालयाने नाकारले नाही. सहज गप्पांत कोणीही तसाच अर्थ घेतला असता. परंतु साक्ष म्हणजे गप्पा नव्हेत, साक्षीदार उत्तर टाळत असल्यास ते हेरून आणखी एक नेमका प्रश्न विचारणे हे वकिलाचे काम, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. तो प्रश्न त्या दिवशी विचारला गेला नव्हता.