बटणे लपवणारी आई

आपल्यासारखी ज्यू मुले गोष्टींच्या पुस्तकांत का नसतात, असे न्यूयॉर्कच्या एका चिमुरडीने आईला विचारले. आईने, सिडनी टेलरने, आपल्या लहानपणच्या पाच बहिणींच्या गोष्टी लिहून काढल्या आणि हस्तलिखित चक्क बाजूला ठेवून दिले! यजमानांनी ते परस्पर स्पर्धेला धाडले. बक्षीस मिळाले आणि १९५१ साली 'ऑल-ऑफ-अ-काइंड फॅमिली' प्रसिद्ध झाले.

काळ १९१२ चा. वडिलांचे भंगाराचे दुकान, घरात पैशाची ओढाताण. मला भारी आवडली ती आईची युक्ती. मुली धूळ पुसायचा कंटाळा करतात, म्हणून ती बैठकीच्या खोलीत बटणे लपवते. सगळी सापडली की कोपरान् कोपरा लख्ख! (आमच्याकडे मुलांनी बटणे शोधून धूळ तशीच ठेवली असती, ते सोडा.) धर्मही असाच घरकामातून येतो. शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लागतात. ऐन वल्हांडणाच्या सणात मुली तापाने अंथरूण धरतात. परक्या वाचकाला समजावून सांगत बसणे नाही.

वाचनालयाचे पुस्तक हरवले म्हणून त्याची किंमत हप्त्याहप्त्याने फेडणारी मधली बहीण आहे सारा. लेखिकेचे पाळण्यातले नावही तेच.