माल वर, माणसं नंतर

व्हिएतनाममधल्या होई आनला जाणारे बहुतेक जण रंगीत कंदिलांचे फोटो काढून परततात. मी दुकानदाराचा मुलगा. माझं लक्ष माल कुठून आत येतो आणि कुठे साठवतात, यावरच.

थू बोन नदीच्या मुखाजवळचं हे बंदर सतराव्या शतकात भरात होतं. चिनी आणि जपानी व्यापारी इथे येऊन राहिले. त्यांची घरं रुंदीला चिंचोळी, पण लांबीला ऐसपैस. ‘तान की’ या घराचं पुढचं दार पेठेत, मागचं नदीकडे. होडीतला माल मागे उतरायचा, पुढे विकला जायचा; संसार मधल्या भागात. तिथेच उघडा चौक, उजेड-वाऱ्यासाठी. लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला धरत नाही. जुन्या दुकानांच्या दर्शनी भागाला खोबणीत सरकवायच्या आडव्या फळ्या. आमच्याही दुकानाला फळ्याच होत्या, फक्त उभ्या.

‘तान की’च्या भिंतीवर पुराच्या खुणा सालासह नोंदवल्यात, त्यात १९६४ च्या मोठ्या पुराचीही. पण मी खिळलो तो १७८० च्या ‘फुंग हुंग’ घरात. वरच्या मजल्याच्या तक्तपोशीत एक झडप आहे. पाणी चढू लागलं की ती उघडायची आणि खालचा माल दोरानं वर ओढून घ्यायचा. चिपळूणच्या पेठेत वाढलेल्याला याहून अधिक काय समजावून सांगायचं? वाशिष्ठी फुगली की आमच्याकडेही आधी पोती माळ्यावर, मग माणसं.

ही घरं टिकली त्याचं कारण काहीसं विचित्र आहे. एकोणिसाव्या शतकात नदी गाळानं भरली, मोठी जहाजं दा नांगला वळली. धंदाच बसला, मग जुनं पाडून नवं बांधणार कोण? १९८० च्या दशकात काझिमिएझ क्व्यातकोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञानं डागडुजीला हात घातला. १९९९ मध्ये युनेस्कोनं गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मला विचाराल तर त्या दर्जाहून ती झडप मोलाची.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची पेठ बुडाली, तेव्हा कित्येक नव्या गाळ्यांत माल चढवायला माळाच नव्हता. नदीकाठी गाळा बांधणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी, निदान माळ्यापुरती उंची आराखड्यात मागून घ्यावी.