पालावरचा माणूस

बारामती-इंदापूरच्या पोलीसपाटील, सरपंच मंडळींनो, गावात चोरी झाली की आधी पालावरचंच नाव निघतं, खरं की नाही? मग २००३ चा दरोडा व खून ध्यानात घ्या. भटक्या जमातीच्या सहा जणांना २००९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत फाशीच झाली. ५ मार्च २०१९ रोजी फेरसुनावणीत त्याच न्यायालयाने, पुरावा टिकत नाही म्हणून, सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकी पाच लाख भरपाईचा हुकूम केला. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही! हे सहा जण मात्र सोळा वर्षे तुरुंगात. तुम्ही साहेबांना नाव सांगता, ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं, की पारावर ऐकलेलं?