इंग्रजी शब्दसंपदा आणि ‘क्लॅट’ प्रवेशपरीक्षा : पाठांतराकडून ओळखीकडे

बारावीनंतर कायद्याचे शिक्षण घ्यावे, अशी इच्छा मनात बाळगणारी मुलेमुली आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांपैकी जी मराठी माध्यमातून शिकली, त्यांची पावले मात्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच अडखळतात. ‘तिथे फार कठीण इंग्रजी लागते’ हे वाक्य त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेले असते आणि तेवढ्यावर ती माघार घेतात. ही माघार आम्हांस अकारण वाटते. शेतजमिनीचा वाद असो, वारसाहक्काचा प्रश्न असो किंवा कामगाराची नुकसानभरपाई असो, वरिष्ठ न्यायालयातील इंग्रजी कागद वाचून त्याचा अर्थ आपल्या माणसाला मराठीत समजावून सांगणारा वकील समाजाला हवा आहे. म्हणून या परीक्षेतील इंग्रजी शब्दांचा अभ्यास कसा करावा, याचा थोडा विचार करू या.

परीक्षेत काय विचारले जाते?

‘क्लॅट’ म्हणजे कॉमन लॉ ॲडमिशन टेस्ट ही परीक्षा 2008 साली सुरू झाली. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे प्रवेश याच परीक्षेतून होतात. 2 तासांत 120 प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. त्यांत इंग्रजीचे प्रश्न सुमारे एकपंचमांश असतात. पूर्वी समानार्थी व विरुद्धार्थी शब्द सुटे विचारले जात. 2020 पासून मात्र उतारा वाचून त्यावरील प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तरी तो ‘या उताऱ्यात’ काय आहे, हे ओळखायचे असते. शिवाय सामान्य ज्ञान, तर्क, कायदा व गणित हे विभागही इंग्रजीतच असल्याने शब्दांचे अडखळणे साऱ्या प्रश्नपत्रिकेवर परिणाम करते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. हजारो शब्दांची यादी घोकणे हा आता पुरेसा उपाय नाही. शब्दाची ओळख झाली पाहिजे. ती होण्याचा एक मार्ग आपल्या उपासनेतूनच जातो.

चर्चमध्ये ऐकलेले शब्द

प्रगत इंग्रजी शब्दांपैकी फार मोठा भाग लॅटिन व ग्रीक धातूंपासून बनलेला आहे आणि यांतील कितीतरी धातू कॅथोलिक मुलांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेले असतात. ‘बेनेडिक्शन’ म्हणजे आशीर्वाद. त्यात ‘बेने’ म्हणजे चांगले आणि ‘डिक्’ म्हणजे बोलणे. ‘बेने’च्या जागी वाईट या अर्थाचे ‘माले’ ठेवले की ‘मॅलेडिक्शन’, म्हणजे शाप. बेनेव्हलंट म्हणजे भले चिंतणारा, मलेव्हलंट म्हणजे वाईट चिंतणारा. आता ‘डिक्’ धरून पुढे चला. कॉन्ट्राडिक्ट म्हणजे विरुद्ध बोलणे. व्हर्डिक्ट म्हणजे मुळात ‘खरे बोललेले’, म्हणून निवाडा. ज्युरिस्डिक्शन म्हणजे न्याय सांगण्याचा अधिकार जेथवर चालतो ते क्षेत्र. अशा रीतीने आशीर्वादापासून निघून आपण थेट न्यायालयात पोहोचतो.

ख्रिस्ताच्या दुःखसहनाला इंग्रजीत ‘पॅशन’ म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ सोसणे. म्हणून कम्पॅशन म्हणजे दुसऱ्याबरोबर सोसणे, करुणा. आणि ‘पेशंट’ हे विशेषण म्हणून आले तर त्याचा अर्थ रुग्ण नसून सहनशील असा होतो. क्रूसासाठी लॅटिन शब्द ‘क्रुक्स’. त्यातून एक्सक्रूशिएटिंग, म्हणजे असह्य यातना देणारे, हा शब्द आला. लॅटिन मिस्सेत विश्वासाचा अंगीकार ‘क्रेडो’ या शब्दाने सुरू होतो. त्याचेच भाऊबंद म्हणजे क्रेडिबल, विश्वासार्ह, आणि क्रेड्युलस, चटकन विश्वास ठेवणारा भोळा माणूस.

मराठी ही अडचण नव्हे

या ‘क्रेडो’चे आपल्या ‘श्रद्धा’ शब्दाशी रक्ताचे नाते आहे. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. असे साम्य ओळखणाऱ्या पहिल्या युरोपीयांपैकी एक होते येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि पुढे मराठी शिकून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे 1616 साली प्रथम छापले गेले. 1583 साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले होते. कोलकात्यातील न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिनच्या नात्याविषयी जे सुप्रसिद्ध विधान केले, ते त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1786 साली.

विद्यार्थ्याला याचा लाभ होतो. मातृ वरून मॅटर्नल, नाम वरून नॉमिनल, दंत वरून डेंटल, नव वरून इनोव्हेशन व मठातील नोव्हिस, मृत वरून मॉर्टल हे शब्द लक्षात ठेवता येतात. हे इंग्रजी शब्द संस्कृतमधून आलेले नाहीत. ते लॅटिनमधून आले. पण घराणे एकच असल्याने ओळख पटकन पटते. इंग्रज धर्मगुरू मराठीत महाकाव्य लिहू शकला, तर मराठी मुलाने इंग्रजीला का भ्यावे?

एक सावधगिरी

धातू अर्थाची दिशा दाखवतो, नेमका अर्थ वाक्यच ठरवते. ‘कॅथोलिक’ म्हणजे सार्वत्रिक. एखाद्या लेखकाची अभिरुची ‘कॅथोलिक’ आहे असे उताऱ्यात आले, तर तो धार्मिक होता असे नव्हे, त्याची आवड व्यापक होती असे समजावे. ‘बिशप’ या शब्दाचे ग्रीक मूळ देखरेख करणारा असे सांगते. परंतु देखरेख या अर्थाच्या ‘ओव्हरसाईट’ शब्दाचा दुसरा अर्थ नजरचूक असा आहे. ‘सँक्शन’चेही तसेच. पवित्र व पक्के करणे या मूळ अर्थातून एकीकडे मंजुरी आणि दुसरीकडे दंडात्मक निर्बंध असे जवळजवळ उलटे अर्थ निघाले.

रोजचा अभ्यास

अलीकडच्या वर्षांत ही परीक्षा डिसेंबरमध्ये घेतली जाते. म्हणून अकरावीतच आरंभ करणे हिताचे. एका वहीत चार रकाने आखावेत : शब्द, त्याचे घटक, ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य आणि स्वतः रचलेले वाक्य. आठवड्यात 5 दिवस रोज 8 शब्द लिहावेत व उरलेले 2 दिवस केवळ उजळणी करावी. 50 आठवड्यांत 2000 शब्द होतात. प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा पाहावा. तेव्हा अर्थाचा भाग झाकून आधी आठवण्याचा प्रयत्न करावा. नुसते वाचल्याने शब्द टिकत नाही.

वाचनासाठी इंग्रजी वृत्तपत्रातील अग्रलेख उत्तम. तसेच पोप फ्रान्सिस यांचे 2015 सालचे ‘लौदातो सी’ हे परिपत्रक व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर इंग्रजीत विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचे 246 क्रमांकित परिच्छेद आहेत. रोज एक परिच्छेद वाचून त्यातील मुख्य मुद्दा मराठीत दोन ओळींत लिहिला, तर आठ-नऊ महिन्यांत युक्तिवादाची भाषा अंगवळणी पडेल आणि विचारांनाही खाद्य मिळेल. पालकांनी व युवा गटांनी अशा वाचनासाठी संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवला, तर घरी अभ्यासाला जागा नसणाऱ्या मुलांचीही सोय होईल.

यंदा अर्ज भरणाऱ्या व पुढील वर्षाची तयारी करणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!