तालमीतून विधानसभेत

खेळात नाव कमावलेला माणूस आमदार होतो, म्हणजे नेमकं काय होतं? आज आम्ही सांगलीच्या संभाजी पवारांबद्दल सांगणार आहोत.

पवार पैलवान. वडील हरिनानाही पैलवान, त्यांना लोक ‘वज्रदेही’ म्हणत. मुलाचं नाव पडलं ‘बिजली मल्ल’. विजेसारखी चपळ कुस्ती, म्हणून.

१९८५ साली सांगलीचे आमदार वसंतदादा पाटील राजस्थानचे राज्यपाल झाले. राज्यपालाला आमदार राहता येत नाही, त्यामुळे जागा रिकामी झाली. मुदत संपायच्या आधी अशी एखादी जागा रिकामी झाली, की तेवढ्यापुरतं मतदान घेतात. तीच पोटनिवडणूक. १९८६ साली ती झाली. सांगली म्हणजे दादांचं घर, आणि समोर दादांच्याच घराण्यातले विष्णुअण्णा पाटील. तरी जनता पक्षाचे पवार निवडून आले.

कुस्तीच्या फडातून माणूस गावोगाव ओळखीचा होतो. पण नुसत्या ओळखीवर मत एकदा मिळतं, फार तर दोनदा. पवार १९९० आणि १९९५ सालीही जिंकले. मग मात्र लोकांनी त्यांना घरी बसवलं. पुन्हा निवडून आले ते थेट २००९ साली, सत्तरीला टेकताना, भाजपकडून. पक्ष बदलले, त्यावर ज्याचं त्याचं मत. आम्ही मधली चौदा वर्षं मोजतो.

विधानसभेत डावपेच वेगळे. तिथं प्रश्न लेखी द्यावा लागतो, लक्षवेधी मांडावी लागते, कायदा वाचून मत द्यावं लागतं. गल्लीतला नळ पंचायतीचा; पण खाडीत सांडपाणी का येतं, हा जाब सरकारला विचारणं आमदाराचं काम. आपल्या आमदारांना भेटाल तेव्हा हाच प्रश्न न्या, लेखी न्या.

बाईचंही उदाहरण आहे. हरियाणाची विनेश फोगाट. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम कुस्ती हातची गेली. ऑक्टोबरमध्ये ती जुलाना मतदारसंघातून आमदार झाली. जुलाना तिचं सासर. सासरच्या माणसांनी सुनेला मत दिलं, हे आम्हाला त्या पदकाएवढंच मोठं वाटतं.

आमच्या दांडीकडे पंचायतीची निवडणूक हरलेल्या काहीजणी बचत गटाच्या बैठकीलाही येईनाशा झाल्यात. पुढच्या बैठकीत उमेदवारी अर्ज कसा भरायचा ते समजून घ्यायचं आहे. शिकवायला आम्ही त्यांनाच बोलावलंय. तो अर्ज त्यांनी एकदा भरलेला आहे.