फोटोंची प्रत कशावर ठेवायची?

मागच्या वेळी हा प्रश्न आला होता. आमचंच सांगतो. 2006 साली आम्ही घरच्या लग्नाचे फोटो सीडीवर घालून कपाटात ठेवले. काही वर्षांनी लावून पाहिली, तर निम्मे उघडेनात. आईचे शेवटचे फोटो त्यातच होते. घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, खुणा त्यावर उमटतात. ऊन, दमटपणा लागला की तो खराब होतो. पेनड्राइव्हमध्ये विद्युतभार असतो, नुसता पडून राहिला तर हळूहळू गळतो. हार्ड डिस्क स्वस्त, पण हातातून पडली की संपलं! मग टिकाऊ काय? आम्ही म्हणतो, एकही नाही. दोन हार्ड डिस्क घ्या, एक मुलीकडे परगावी ठेवा. वर्षातून एकदा दोन्ही जोडून फोटो खरोखर उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फोटो शाबूत आहेत, असं नव्हे.